जर्मनीत मास्टर्स : परीक्षेचे नियम, मेन्झाचं ताट आणि व्हीगन स्वयंपाक

हिवाळी_सत्र

प्रवेश, एपीएस (भारतातल्या शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं प्रमाणपत्र), ब्लॉक्ड अकाउंट (राहण्या-जेवण्याचे पैसे आधीच जमा करून ठेवायचं खातं), व्हिसा यांवर इथे पुष्कळ लिहून झालंय. हा धागा त्यापुढचा आहे : तिथे उतरल्यापासून पहिल्या सत्राची परीक्षा संपेपर्यंतचा. विषय दोनच, विद्यापीठातले व्यवहार आणि दूध-अंडंही न खाणाऱ्याचं रोजचं जेवण. दोन्ही एका धाग्यात घेतले, कारण दोन्हीकडे माणूस एकाच जागी अडतो. "कोणीतरी सांगेल" म्हणून थांबला की अडतो. परीक्षेचा नियम असो की बिस्किटातला घटक, जर्मनीत तो कुठेतरी लिहिलेला असतो आणि तुम्ही वाचलेला आहे असंच धरून चालतात.

आधी विद्यापीठ.

हिवाळी सत्र कागदावर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च, उन्हाळी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. प्रत्यक्ष तास मात्र साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत आणि एप्रिलच्या मध्यापासून जुलैपर्यंत चालतात. उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठांमध्ये, म्हणजे ज्यांना सगळे 'एफएच' म्हणतात, ते थोडे आधी सुरू होतात. मधल्या महिन्यांना सुट्टी समजून कोणी घरचं तिकीट काढू नका. परीक्षा, प्रकल्पाचे अहवाल, घरी लिहून द्यायचे निबंध, सगळं त्याच काळात येतं. परीक्षांच्या तारखा हातात पडल्याशिवाय तिकीट नाही, हे पक्कं ठरवून टाका.

पहिल्या आठवड्यात दोन दस्तऐवज उतरवून घ्या. एक प्र्युफुंग्सऑर्डनुंग, म्हणजे तुमच्या अभ्यासक्रमाची परीक्षा-नियमावली. दुसरा मोडूलहांडबुख, म्हणजे प्रत्येक विषयाची माहिती. नियमावलीच्या अनेक आवृत्त्या संकेतस्थळावर पडलेल्या असतात. तुमच्या प्रवेशाच्या वर्षाला लागू असलेलीच घ्या. त्यात तीन गोष्टींवर खूण करा : एका विषयाच्या परीक्षेला किती वेळा बसता येतं, नाव मागे घ्यायची मुदत किती, आणि थिसिस सुरू करायला किती क्रेडिट्स लागतात.

क्रेडिटचा अर्थही नीट समजून घ्या. १ ईसीटीएस, म्हणजे युरोपातल्या विद्यापीठांचं एक क्रेडिट, म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. ६ क्रेडिट्सच्या विषयाला १५० ते १८० तास. आठवड्याला ४ तासांचं लेक्चर १५ आठवडे धरलं तर ६० तास होतात. उरलेले ९० ते १२० तास तुम्ही एकट्याने बसून करायचे असतात. बऱ्याच विषयांना हजेरी नाही, अंतर्गत गुण नाहीत, शेवटी एकच पेपर. त्यामुळे डिसेंबरपर्यंत सगळं निवांत वाटतं आणि जानेवारीत एकदम अंगावर येतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं : विषयाला नाव नोंदवणं आणि परीक्षेला नाव नोंदवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळे तास केले, गृहपाठ दिले, पण पोर्टलवर परीक्षेची नोंदणी केली नाही तर पेपर लिहिता येत नाही. मुदत बहुतेक ठिकाणी परीक्षेच्या कितीतरी आठवडे आधी संपते. नोंदणी झाल्यावर येणाऱ्या पुष्टीची पीडीएफ जपून ठेवा. पोर्टल बंद पडलं होतं हे नंतर सिद्ध करायला तेवढाच पुरावा हातात असतो.

---

शाईपेन

उत्तम धागा. परीक्षेच्या प्रयत्नांबद्दल थोडी भर घालतो, कारण आपल्याकडच्या 'बॅकलॉग'च्या सवयीने इथे फसायला होतं.

बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीन प्रयत्न असतात, काही ठिकाणी दोनच. अनिवार्य विषयात शेवटचा प्रयत्नही गेला तर निकालावर 'एंडगुल्टिश निश्ट बेश्टांडन' येतं, म्हणजे कायमचं अनुत्तीर्ण. मग त्या अभ्यासक्रमातून नाव कमी होतं आणि जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठात तोच अभ्यासक्रम घ्यायलाही सहसा मनाई होते. म्हणून पहिला प्रयत्न 'पेपर कसा असतो ते बघून येऊ' म्हणून वाया घालवू नका. पेपर कसा असतो हे बघायचं असेल तर फाखशाफ्टकडे जा. ही विभागाची विद्यार्थी-समिती. जुने पेपर बहुधा त्यांच्याकडे साठवलेले असतात.

तयारी झाली नसेल तर मुदतीत नाव मागे घ्या. नाव ठेवून गैरहजर राहिलात तर ५.० पडतो, म्हणजे नापास, आणि एक प्रयत्न जातो.

परीक्षेच्या दिवशी आजारी पडलात तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. दोन दिवसांनी आणलेलं प्रमाणपत्र चालत नाही. अनेक विद्यापीठांचा यासाठी स्वतःचा फॉर्म असतो, कारण त्यांना 'कामाला जाण्यास असमर्थ' एवढं पुरत नाही, 'परीक्षा देण्यास असमर्थ' असं हवं असतं. तो फॉर्म आधीच छापून खोलीत ठेवा. १०२ ताप असताना प्रिंटर शोधत कोण फिरणार?

निकालानंतर उत्तरपत्रिका बघायचा एक दिवस असतो, त्याला आइनझिश्ट म्हणतात. जरूर जा. बेरजेची चूक, दुसऱ्या कागदावर राहून गेलेलं उत्तर, अशा गोष्टी तिथेच सापडतात. वाद घालायचा नाही. कुठल्या प्रश्नात किती गुण आणि का, एवढंच विचारायचं आणि लिहून घ्यायचं.

---

निघायच्या_तयारीत

धन्यवाद, खूपच उपयोगी. दोन प्रश्न : (१) आपला सीजीपीए तिथल्या ग्रेडमध्ये कसा बदलतात? (२) वेळापत्रकात '१० सी.टी.' असं लिहिलंय, ते काय?

---

शाईपेन

(१) तिथे १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० नापास. रूपांतर 'सुधारित बव्हेरियन सूत्रा'ने होतं :

ग्रेड = १ + ३ × (कमाल गुण − तुमचे गुण) ÷ (कमाल गुण − पास होण्याचे किमान गुण)

समजा सीजीपीए ८.२, कमाल १०, किमान ४. मग १ + ३ × १.८ ÷ ६ = १.९. आता किमान ५ धरलं तर १ + ३ × १.८ ÷ ५ = २.०८. सीजीपीए तोच, पण ग्रेड बदलली. ज्या अभ्यासक्रमाला २.० ची अट आहे तिथे यावरच प्रवेश अडू शकतो. म्हणून उत्तीर्ण होण्याची किमान श्रेणी किती, याचं पत्र आपल्या विद्यापीठाकडून शिक्क्यासह घेऊन ठेवा. गुणपत्रिकेच्या मागे छापलेलं असेल तर त्या बाजूचंही स्कॅन लावा; ही मागची बाजू लोक हमखास विसरतात.

(२) सी.टी. म्हणजे 'कुम टेम्पोरे'. तास १०.१५ ला सुरू होणार. एस.टी., 'झिने टेम्पोरे', असेल तर १० म्हणजे १०. परीक्षांना बहुतेक एस.टी.च असतं. पहिल्या लेक्चरच्या शेवटी सगळे बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक करतील. ती टाळ्यांची तिथली रीत आहे, तुम्हीही करा.

---

पत्रावळ

र्‍युकमेल्डुंगचं कोणी लिहिलं नाही अजून. दर सत्राला पुढच्या सत्रासाठी पुन्हा नोंदणी करावी लागते, म्हणजे सत्रशुल्क मुदतीत भरावं लागतं. उन्हाळी सत्रासाठी साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, हिवाळीसाठी जून ते ऑगस्टच्या दरम्यान. तारीख विद्यापीठागणिक वेगळी, स्वतःची बघा. इथे चूक होते ती पैशांची नव्हे, 'फेरवेंडुंग्सत्स्वेक'ची, म्हणजे बँक ट्रान्सफर करताना लिहायच्या संदर्भाची. पोर्टलवर दिलेला आकडा जसाच्या तसा टाका, पुढेमागे नाव जोडू नका. संदर्भ चुकला की पैसे जमा होतात पण तुमच्या नावावर चढत नाहीत. मग आधी दंड, आणि लक्षच दिलं नाही तर नाव कमी होण्याची नोटीस. विद्यार्थी म्हणून तिथे राहण्याचा परवाना नोंदणीवर अवलंबून असल्याने हे प्रकरण थेट परदेशी नागरिक कार्यालयापर्यंत जातं.

शिक्षणशुल्काबद्दलही एक गैरसमज दिसतो. 'जर्मनीत फी नसते' हे सरसकट खरं नाही. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सत्रापासून सत्राला १५०० युरो आहेत. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांसाठी फी सुरू केली. मास्टर्सला बहुतेक सत्राला ४००० ते ६००० युरो.

कामाबद्दल : मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. विद्यापीठातलंच 'हीवी' काम, म्हणजे प्राध्यापकांच्या गटातली विद्यार्थी-साहाय्यकाची नोकरी, या मोजणीत येत नाही. मिळालं तर तेच घ्या. पैसे थोडे कमी, पण थिसिसचा विषय बरेचदा तिथूनच निघतो.

---

हिवाळी_सत्र

पत्रावळ, फार महत्त्वाचं लिहिलंत. त्याला जोडून प्राध्यापकांना मेल लिहिण्याबद्दल. चार वाक्यं पुरतात : तुम्ही कोण (अभ्यासक्रम, कितवं सत्र, मात्रिकेलनुमर म्हणजे विद्यार्थी क्रमांक), काय हवं, स्वतः काय शोधून पाहिलं, केव्हा भेटता येईल. विद्यापीठाच्याच पत्त्यावरून पाठवा. "रिस्पेक्टेड सर" नको. डॉक्टर किंवा प्रोफेसर आणि आडनाव. जे नियमावलीत लिहिलेलं आहे ते विचारायला मेल करू नका, "नियमावलीचं अमुक कलम मी असं समजलो, बरोबर आहे का?" असं विचारलंत तर उत्तर लवकर येतं आणि नेमकं येतं.

आता जेवण. ओवा, रिकामी_बरणी, मैदान तुमचं.

---

ओवा

मेन्झापासून सुरू करते. मेन्झा म्हणजे विद्यापीठाची खानावळ, चालवतं ते विद्यार्थी-सेवा मंडळ. दुपारचं गरम जेवण इतकं स्वस्त गावात दुसरीकडे मिळत नाही. बर्लिनच्या फ्राय विद्यापीठात २०१० साली देशातली पहिली पूर्ण शाकाहारी मेन्झा सुरू झाली, आणि २०२१ च्या हिवाळी सत्रापासून बर्लिनच्या मेन्झांचा बहुतांश मेन्यू व्हीगन किंवा शाकाहारीच आहे. छोट्या गावात रोज एक व्हीगन पदार्थ असेल, तोही दीडनंतर संपतो. बाराला जा.

बऱ्याच ठिकाणी रोख चालत नाही, विद्यार्थी-कार्डावरच पैसे भरावे लागतात. नव्या सत्रात कार्डावर नवीन छाप मारून घ्यायची राहिली तर यंत्र तुम्हाला पाहुणा समजतं आणि दर जवळपास दुप्पट लागतो.

मेन्यूत पदार्थापुढे अक्षरं-आकडे असतात. ही सांकेतिक यादी प्रत्येक मंडळाची वेगळी, त्यामुळे एका गावात पाठ केलेली दुसऱ्या गावात चालत नाही. आणि मुख्य पदार्थावर व्हीगनचं चिन्ह असलं तरी सोबतच्या गोष्टींची खूण स्वतंत्र बघा. मी सरळ यादीच देते :

– श्पेट्सलं (शेवयांसारखे तुकडे) : अंडं असतंच.
– झेमेलक्नोडेल (पावाचे गोळे) : अंडं, दूध.
– बटाट्याचा लगदा : दूध, बहुधा लोणीही.
– लाल कोबी : दिसायला निरुपद्रवी, पण पारंपरिक कृतीत श्माल्ट्स, म्हणजे डुकराची चरबी.
– झाउअरक्राउट (आंबवलेला कोबी) आणि परतलेले बटाटे : श्पेक, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. कांद्यासारखे दिसतात.
– मसुराचं सूप : त्यात सॉसेज किंवा श्पेक घालायची पद्धत आहे.
– भाजीचं सूप : भाजी असेल, पण पाणी कशाचं? 'गेम्युझंब्र्युहं' म्हणजे भाज्यांचा अर्क, 'फ्लाइशब्र्युहं' किंवा 'रिंडरब्र्युहं' म्हणजे मांसाचा.

काउंटरवर विचारायचं वाक्य : "इस्ट दा मिल्श ओडर आय ड्रिन?" (यात दूध किंवा अंडं आहे का?) 'आय' म्हणजे अंडं. "व्हेज आहे का?" एवढंच विचारू नका, कारण तिथल्या 'वेगेटारिश'मध्ये दूध-अंडी दोन्ही बसतात. शब्द 'वेगान' असाच म्हणा.

---

रिकामी_बरणी

ओवाच्या यादीला जोडून दुकानातलं लेबल कसं वाचायचं ते.

डब्यावर 'त्सूटाटन' शोधा, म्हणजे घटक. जास्त वजनाचा पहिला, कमी वजनाचा शेवटी. युरोपीय नियमानुसार १४ ॲलर्जीकारक घटक ठळक अक्षरांत छापावे लागतात. दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकडे, शिंपल्यांचे प्रकार त्यात येतात. त्यामुळे दूध-अंडं एका नजरेत सापडतं : मिल्श, मागरमिल्शपुल्फर (दुधाची पावडर), मोल्कं (दह्या-चीजचं पाणी), बुटर, आय, आयगेल्ब (बलक).

पण मांस ॲलर्जीच्या यादीत नाही! म्हणून जेलाटिनं, श्माल्ट्स, रिंडरटाल्ग (बैलाची चरबी), लाब (चीज विरजायचं रेनेट), कार्मिन (किड्यापासूनचा लाल रंग, ई १२०), होनिग (मध) हे शब्द साध्या अक्षरांत दडलेले असतात. फक्त ठळक शब्द वाचून डबा टोपलीत टाकणारे इथेच फसतात. गोळ्या, थरांची पुडिंग्ज, काही दही यांत जेलाटिनं. ब्रेझेल आणि तत्सम बेकरीच्या मालात कधी लोणी, कधी श्माल्ट्स.

'कान श्पुरन फोन मिल्श एंटहाल्टन' म्हणजे दुधाचा अंश असू शकतो. हा एकाच यंत्रावर दोन पदार्थ बनतात म्हणून दिलेला ॲलर्जीचा इशारा, घटक नव्हे.

ई ४७१ प्राण्याचाही असतो, वनस्पतीचाही. लेबलवरून कळत नाही. पॅकवर पिवळं-हिरवं 'व्ही' चिन्ह आणि खाली 'वेगान' असेल तर प्रश्न मिटला. त्याच चिन्हाखाली 'वेगेटारिश'ही लिहिलेलं असतं, तेव्हा खालचा शब्द वाचा. आणखी एक आडबाजूची गोष्ट : पारदर्शक सफरचंदाचा रस जेलाटिनने निवळलेला असू शकतो आणि ते लिहिणं बंधनकारक नाही. 'नाटुरट्र्युब', म्हणजे गढूळ, घेतला की ही शंका जवळजवळ उरत नाही.

ओट्सचं 'दूध' शोधताना 'मिल्श' शोधू नका. युरोपीय न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर हे स्पष्टच झालं की वनस्पतीच्या पेयाला दूध म्हणून विकता येत नाही. ते 'हाफरड्रिंक' किंवा 'सोयाड्रिंक' असतं. नारळाचं दूध मात्र अपवाद, ते 'कोकोसमिल्श'च. सुपरमार्केटांपैकी लिडलचं वेमोंडो, पेनीचं फूड फॉर फ्यूचर, काउफलांडचं के-टेक इट व्हेजी हे त्यांचे घरचे छाप पाहून ठेवा. लिडलने ऑक्टोबर २०२३ मध्ये वेमोंडोच्या बऱ्याच वस्तूंचे दर तशाच प्राणिज वस्तूंच्या बरोबरीला आणले.

---

निघायच्या_तयारीत

चीजमधल्या रेनेटचं माहीतच नव्हतं! आमच्यातले काही जण दूध घेतात पण बाकी कडक शाकाहारी आहेत, त्यांनी काय बघायचं? आणि पिझ्झावरची 'पेपेरोनी'?

---

रिकामी_बरणी

चीजवर 'मिक्रोबिएलेस लाब' लिहिलं असेल तर ते सूक्ष्मजीवांपासूनचं, चालेल. नुसतं 'लाब' किंवा 'टियरिशेस लाब' असेल तर ठेवून द्या. पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानो नेहमीच वासराच्या रेनेटने बनतात, तिथे लेबल वाचत बसायचीही गरज नाही.

पेपेरोनी जर्मनीत मिरची! सॉसेजवाला पिझ्झा 'सलामी'. आणि 'पापरिका' म्हणजे ढोबळी मिरची. त्याची पूड 'एडेलस्युस' असेल तर गोडसर, 'रोझनशार्फ' असेल तर थोडी तिखट. आपल्या तिखटाला जवळची म्हणजे कायेनची पूड.

---

मुगाचं_कढण

आता स्वयंपाकघर. जिन्नसांची नावं नीट कळली तर निम्मा किराणा साध्या सुपरमार्केटात आणि तुर्की दुकानात होतो. भारतीय दुकान महिन्यातून एकदा पुरतं.

मसाले. 'क्रॉइत्सक्युमेल' म्हणजे जिरे. 'क्युमेल' म्हणजे कॅरवे; दिसतं जिऱ्यासारखं, पण फोडणीत टाकलं की अख्ख्या आमटीला बेकरीचा वास येतो. 'श्वार्त्सक्युमेल' म्हणजे कलौंजी. हळद 'कुर्कुमा', मेथी 'बॉक्सहॉर्नक्ले'. सुपरमार्केटातली पिवळी मोहरी तडतडते पण चव फिकी, काळी मोहरी आशियाई दुकानातून आणा. खायचा सोडा 'नाट्रॉन'. 'बाकपुल्फर' म्हणजे बेकिंग पावडर, ती सोड्याच्या जागी घालू नका.

डाळी. 'रोटं लिन्झन' म्हणजे आपली मसूरडाळ. एक वाटीला तीन वाट्या पाणी, कुकरशिवाय १२ ते १५ मिनिटांत शिजते. तुरीच्या वरणाला जवळची म्हणजे 'गेल्बं शेल-एर्ब्झन', पिवळ्या वाटाण्याची डाळ. रात्री भिजवली तर साध्या पातेल्यात पाऊण तास धरा. छोले 'किखर-एर्ब्झन', त्याचंच पीठ म्हणजे बेसनाला पर्याय.

कडधान्यं तासभर शिजवूनही दाताखाली कडक लागत असतील तर बहुधा पाण्याचा दोष आहे. जर्मनीच्या बऱ्याच गावांत नळाचं पाणी जड आहे, आणि त्यातलं कॅल्शियम सालीतल्या पेक्टिनला धरून बसतं. पाव किलो छोल्यांना अर्धा चमचा नाट्रॉन घालून १२ तास भिजवा, ते पाणी ओतून द्या, ताज्या पाण्यात शिजवा. दोन बोटांत दाबल्यावर दाणा पिठूळ फुटला पाहिजे, मध्ये खडा लागता कामा नये. चिंच आणि टोमॅटो त्यानंतरच; आंबट आधी पडलं की दाणा तिथेच अडतो. सुका राजमा भिजवून किमान १० मिनिटं खळखळून उकळलाच पाहिजे, नाहीतर त्यातलं लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन पोट बिघडवतं. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा कधीच नको. डब्यातला शिजलेलाच असतो, तो घ्या.

रवा. 'हार्टवाइत्सनग्रीस' (कडक गव्हाचा रवा) घ्या. नुसतं 'वाइशवाइत्सनग्रीस' मऊ गव्हाचं, त्याचा उपमा चिकट गोळा होतो.

पोळी. पिठाच्या पाकिटावर टाइप ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. १०० ग्रॅम कोरडं पीठ जाळलं तर साधारण किती मिलिग्रॅम खनिजं मागे राहतात, तो हा आकडा. ४०५ म्हणजे मैद्याजवळचं. 'फोलकोर्न' म्हणजे कोंड्यासकट, पण त्याचा कोंडा जाड असतो, लाटताना कडा फाटतात. माप : २०० ग्रॅम १०५० नंबरचं, १०० ग्रॅम चाळलेलं फोलकोर्न, अर्धा चमचा मीठ, एक मोठा चमचा तेल आणि १८० ते १९० मिलि कोमट पाणी. पीठ सैल वाटलं तरी लगेच कोरडं पीठ मिसळू नका. झाकून ४० मिनिटं ठेवा, कोंडा पाणी पितो आणि गोळा आपोआप घट्ट होतो. बोटाने दाबलेला खळगा हळू भरून आला की लाटायला घ्या. काचेच्या शेगडीवर तवा तापायला वेळ लागतो. नऊपैकी सातवर पाच मिनिटं ठेवून मग पहिली पोळी टाका. तवा कमी तापलेला असेल तर पोळी पापडासारखी वाळते.

---

पत्रावळ

+१, पोळीचं माप जपून ठेवण्यासारखं आहे. वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी फोडणीची सूचना : तेल साधं सूर्यफुलाचं किंवा रिफाइंड 'राप्सओल' (रेपसीडचं) घ्या. 'काल्टगेप्रेस्ट' (न तापवता दाबून काढलेलं) लिहिलेलं तेल लवकर धुरावतं. लहान पातेलं, झाकण हाताशी, खिडकी आधी उघडी. धूर झालाच तर खोलीचं दार कॉरिडॉरमध्ये उघडू नका, खिडकीच उघडा. खोलीतलं धूरयंत्र बरेचदा नुसतं वाजतं. कॉरिडॉरमधलं मध्यवर्ती यंत्रणेला जोडलेलं असलं तर अग्निशमन दल येतं आणि त्याचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो.

---

निघायच्या_तयारीत

सामानात काय न्यायचं? आई कुकर, तूप, कढीपत्ता, लाडू सगळं काढून बसली आहे.

---

ओवा

कुकर : आधी बुडाला लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही तर इंडक्शनवर तापणार नाही, आणि साधे ॲल्युमिनियमचे कुकर चिकटत नाहीत. बुडाला 'इंडक्शन बेस' असलेला स्टीलचा तीन लिटरचा न्या, सोबत दोन जादा रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह; आपल्या कुकरचे सुटे भाग तिथे सहज मिळत नाहीत. मिक्सर चालेल, वीज २३० व्होल्टच आहे, फक्त पिन वेगळी. जाड तीन पिनांच्या उपकरणाला चांगला अर्थिंगवाला अडॅप्टर घ्या.

तूप, पेढे, खवा, पनीर, दुधाची पावडर : युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाच्या सामानात दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, थोडे असले तरी. साजूक तुपातले लाडूही घरीच खाऊन निघा. तेलातल्या चटण्या, भाजलेले मसाले, मेतकूट, चिंच, कोकम, पोहे, पापड यांना अडचण नाही. ताज्या फळा-भाज्यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं (केळी, नारळ, अननस, खजूर, ड्युरियन वगळता), म्हणून ताजा कढीपत्ता नको. सावलीत वाळवून चुरा करून न्या. हिंग दुहेरी डबीत. त्यात बहुधा गव्हाचं पीठ असतं, ग्लुटेन टाळणाऱ्यांनी तेही बघा.

---

मुगाचं_कढण

तब्येतीचं राहिलं, आणि ते मला सगळ्यांत जास्त काळजीचं वाटतं. पूर्ण व्हीगन असाल तर बी-१२ गोळीतून घ्यावंच लागतं. जर्मन पोषण संस्था (डीजीई) प्रौढांसाठी दिवसाला ४ मायक्रोग्रॅम धरते आणि व्हीगन लोकांना पूरक गोळी घ्यायला सांगते. डीएम, रॉसमान अशा दुकानांत या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात. निघण्यापूर्वी रक्त तपासून घ्या. आधीच कमी असेल तर डॉक्टर वेगळा डोस देतील. ऑक्टोबर ते मार्च तिथलं ऊन ड-जीवनसत्त्व तयार करण्याइतकं नसतं. ऊन मिळत नसेल तेव्हा डीजीईचा आकडा २० मायक्रोग्रॅम, म्हणजे ८०० आययू. फेब्रुवारीत अंग दुखतं, झोप पुरत नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही, आणि मुलं ते परीक्षेच्या ताणावर ढकलतात.

दुधाऐवजीच्या पेयात 'बिओ' घ्यावं असं वाटतं, पण सेंद्रिय पेयात कॅल्शियम आणि बी-१२ वरून घालायला परवानगी नाही. 'मिट काल्त्सियुम' लिहिलेलं साधं सोयाड्रिंक या बाबतीत सरस. डबा जोरात हलवून मगच ओता, कॅल्शियम तळाशी बसलेलं असतं. मीठ 'योडझाल्त्स', म्हणजे आयोडीनयुक्त, घ्या.

---

शाईपेन

परीक्षेच्या आठवड्यांसाठी एक हिशेब. रविवारी आणि सणाच्या दिवशी दुकानं बंद असतात, मोठ्या रेल्वे स्थानकांतली मात्र उघडी असतात. ईस्टरला शुक्रवार बंद, शनिवार उघडं, मग रविवार-सोमवार पुन्हा बंद. नाताळात २५ आणि २६ डिसेंबर पूर्ण बंद आणि मेन्झा त्याहून बरेच दिवस. शनिवारी संध्याकाळी छोले, मसूर आणि भात एकदम शिजवून डबे भरा. भात तासाभरात फ्रिजमध्ये गेला पाहिजे, रात्रभर ओट्यावर ठेवलेला भात पुन्हा गरम करूनही सुरक्षित होत नाही. फ्रिजमधला दोन दिवसांत संपवा, जास्तीचा गोठवा.

बाहेर खायची वेळ आलीच तर फलाफल रोल, पण "ओनं योगुर्टझोसं" (दह्याच्या सॉसशिवाय) म्हणा, पांढरा सॉस दह्याचा असतो. 'व्हेजी ड्योनर'मध्ये चीज असतं. तुर्की दुकानातलं चीग क्योफ्ते नावावरून मांसाचं वाटलं तरी दुकानात मिळतं ते बहुधा दलियाचं, तरी "वेगान?" विचारूनच घ्या.

---

निघायच्या_तयारीत

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं एक : पहिल्या आठवड्यात नेमक्या क्रमाने काय करू?

---

हिवाळी_सत्र

घरमालकाकडून किंवा वसतिगृहाकडून राहत्या जागेचं पत्र घ्या, कारण त्याशिवाय पत्त्याची नोंदणी होत नाही आणि नोंदणी राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट मिळायलाच त्याहून जास्त दिवस लागतात. ती ऑनलाइन आधीच घ्या आणि पुष्टीची प्रत ठेवा. ब्लॉक्ड अकाउंटमधले दरमहा पैसे यायला चालू खातं लागतं, ते दुसरं काम. आरोग्यविम्याची विद्यापीठाकडची नोंद आणि विद्यार्थी-कार्ड तिसरं. कार्ड हातात आलं की त्यावर मेन्झाचे पैसे भरा, ग्रंथालयात ते चालू करून घ्या आणि तिथल्या लॉकरसाठी खिशात एक-दोन युरोचं नाणं ठेवा. बॅग आणि कोट बऱ्याच ग्रंथालयांत आत नेता येत नाहीत.

आणि रविवारी पोचत असाल तर पहिल्या दोन जेवणांचे दशम्या आणि कोरडी चटणी हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या सुटकेसमध्ये नको. दशम्या पाण्यात मळायला सांगा आईला, दुधात नको.